सकाळच्या रांगेत बंद पडणारं दूध संकलन: एका मेमरी बिघाडाचा माग

पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या काही गावांत एका छोट्या स्थानिक कंपनीचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालतं. गावं, माणसं आणि कंपनी यांची ओळख इथं मुद्दाम दिलेली नाही. मशीन म्हणजे बहुतेक ठिकाणी १ जीबी रॅमचा छोटा ६४ बिटी लिनक्स संगणक. एका बाजूनं सीरियल केबलनं वजनकाटा जोडलेला, दुसऱ्या बाजूनं फॅट मशीन, आणि पुढे पावती देणारा थर्मल प्रिंटर. सभासदानं कोड नंबर सांगायचा, दूध घालायचं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) पडद्यावर येतात, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते, पावती हातात पडते. एका माणसामागे अर्धा मिनिटही लागत नाही आणि लागूही नये, कारण पाठीमागे किटल्या घेऊन लोक उभे असतात आणि टँकरची वेळ ठरलेली असते.

प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे. डेटाबेस एसक्यूलाइट. याला वेगळा सर्व्हर नसतो. २००० साली डी. रिचर्ड हिप यांनी सुरू केलेली ही सी भाषेतली लायब्ररी थेट आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून जाते आणि सगळा डेटा एका फाइलीत राहतो. गावातल्या डेअरीला हे अगदी सोयीचं. पण याचा एक अर्थ असाही होतो की आपला प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच मेमरीत राहतात, मध्ये भिंत नसते. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

मूळ प्रोग्राम लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता. सांभाळायला दोघं नवीन होते. त्यांनी मला मदतीला बोलावलं.

अडचण

‘सकाळचं मशीन हमखास बंद पडूलंय वो,’ असं एका डेअरीच्या सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं. हमखास म्हणजे रोज नव्हे. कधी लागोपाठ दोन सकाळी, मग बरेच दिवस काहीच नाही. प्रोग्राम अचानक नाहीसा व्हायचा आणि मागे लिनक्सचा काळा पडदा उरायचा. पुन्हा सुरू केला की छान चालायचा. संध्याकाळी क्वचित, सकाळी जास्त. काही गावांत कधीच नाही.

लॉगमध्ये दर वेळी वेगळा संदेश. एकदा सेगमेंटेशन फॉल्ट (हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावल्याची चूक), एकदा ‘फ्री: इनव्हॅलिड नेक्स्ट साइझ’, एकदा ‘मॅलॉक’ची, म्हणजे प्रोग्रामला मेमरीतली जागा काढून देणाऱ्या फंक्शनची, तक्रार. कोअर डंप, म्हणजे प्रोग्राम पडतानाच्या मेमरीची प्रत, उघडला की प्रोग्राम कुठं पडला त्या ठिकाणी बहुतेक वेळा एसक्यूलाइटच्या आतलंच एखादं फंक्शन दिसायचं, आणि तेही दर वेळी निराळं. त्यामुळे कंपनीत सगळ्यांची खात्री झाली होती की डेटाबेसच खराब आहे.

दुसरी एक बारीक तक्रार होती. अधूनमधून पावतीवर नावाच्या जागी चौकटी किंवा भलतीच अक्षरं यायची. ही तक्रार आणि बंद पडणं एकच आहे, असं सगळे धरून चालले होते.

ऑफिसात मात्र बिघाड काही केल्या दिसेना. तिथं रात्रभर खोट्या नोंदी करून पाहिल्या तरी प्रोग्राम ढिम्म.

पर्याय

पहिला पर्याय सेक्रेटरींनीच सुचवला होता: पडला की आपोआप सुरू होऊ दे. लिनक्सवर हे दोन ओळींचं काम आहे. रांगेत उभ्या माणसाच्या दृष्टीनं ही मागणी रास्तच होती. माझी हरकत एवढीच की मेमरी बिघडलेला प्रोग्राम मरण्याआधी काय करतो याची हमी नसते. तो लगेच मेला तर बरं. चार मिनिटं जिवंत राहून पाच लिटरचे पन्नास लिटर लिहून मग मेला, तर ते पैसे कुणाच्या तरी खात्यात चुकीचे जाणार.

दुसरा पर्याय, हार्डवेअर बदलणं. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यातल्या गावांतून तक्रारी जास्त होत्या, वीज तिथं सारखी जाते, म्हणून वीज आणि मेमरी कार्डावर संशय होता. दोन ठिकाणी मशीन बदलूनही झालं होतं. फरक पडला नव्हता.

तिसरा, एसक्यूलाइटची नवी आवृत्ती घालणं. एरवी हे चांगलंच, पण इथं मी थांबवलं. एसक्यूलाइटच्या चाचण्या फार कडक असतात, त्यांच्या मुख्य कोडची प्रत्येक शाखा चाचणीत तपासली जाते. साध्या वाचन-लेखनात त्यांच्या कोडमध्ये असा दोष निघण्यापेक्षा आपल्या कोडमध्ये निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय आवृत्ती बदलली की मेमरीची मांडणी हलते, बिघाड काही दिवस लपतो आणि सुटला असं वाटतं. शोध संपेपर्यंत काहीच बदलायचं नाही असं ठरलं.

चौथा संशय थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा. काट्याचं वाचन एका थ्रेडवर, पडदा दुसऱ्यावर. पण दोघांची कनेक्शन वेगळी होती आणि लायब्ररी सीरियलाइज्ड पद्धतीनं (दोन थ्रेड एकमेकांच्या आड येणार नाहीत अशी) बांधलेली होती. ते तपासून हा मुद्दा लवकर बाजूला ठेवला.

उरला पाचवा: आपलाच प्रोग्राम कुठंतरी मेमरीची हद्द ओलांडतोय असं धरून त्याला रंगेहाथ पकडायचं. वेळ लागणार होता आणि तोवर डेअऱ्या चालू ठेवायच्या होत्या.

काय केलं

आधी तात्पुरता बंदोबस्त. आपोआप सुरू होण्याची सोय दिली, पण अटी घालून. सुरू होताना डेटाबेसची इंटिग्रिटी चेक होईल, शेवटची नोंद पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसेल आणि सेक्रेटरींनी ती पावतीशी ताडून ‘बरोबर’ दाबल्याशिवाय पुढची नोंद घेता येणार नाही. कमिट झालेली, म्हणजे पक्की लिहिली गेलेली, नोंद प्रोग्राम पडला तरी फाइलीत राहते, ही एसक्यूलाइटची जमेची बाजू इथं कामी आली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुणीतरी वेग वाढावा म्हणून मेमरी-मॅप्ड पद्धत चालू करून ठेवली होती. यात डेटाबेस फाइलीचा भाग सरळ प्रोग्रामच्या मेमरीत दिसतो. अशा वेळी भरकटलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) त्या भागात लिहून गेला तर थेट फाइलच बिघडू शकते, आणि एसक्यूलाइटला पत्ताही लागत नाही. ही पद्धत त्याच दिवशी सगळीकडे बंद केली. मूळ सेटिंगमध्ये ती बंदच असते, ती चालू करायची गरज या कामात कधी नव्हतीच. सुदैवानं सगळ्या फाइली तपासणीत ठीक निघाल्या.

मग ॲड्रेससॅनिटायझर. जीसीसी आणि क्लँग दोन्ही कंपायलरांत हे हत्यार मिळतं. प्रोग्राम त्यासह बांधला की मागून घेतलेल्या प्रत्येक जागेच्या दोन्ही अंगांना तो राखीव पट्टा ठेवतो आणि त्या पट्ट्यावर एका बाइटचं जरी अतिक्रमण झालं तरी तिथल्या तिथं प्रोग्राम थांबवून ओळ क्रमांक सांगतो. प्रोग्राम साधारण दुपटीनं हळू होतो, मेमरी जास्त लागते, पण ऑफिसात ते चालण्यासारखं होतं. एसक्यूलाइटचा सगळा कोड एकाच सी फाइलीत मिळतो, २ लाखांहून जास्त ओळींचा. तोही याच पद्धतीनं बांधला. यात एक खाच आहे. छोट्या मागण्यांसाठी एसक्यूलाइट प्रत्येक कनेक्शनमागे थोडी जागा आधीच बाजूला काढून ठेवतं, तिला लुकअसाइड म्हणतात. त्या जागेतली उलाढाल सॅनिटायझरला दिसत नाही. म्हणून तपासणीच्या बांधणीत लुकअसाइड बंद ठेवलं.

लगेच एक दोष सापडला. सभासदाचं नाव वाचताना कॉलम-टेक्स्ट या फंक्शनकडून मिळालेला पॉइंटर तसाच जपून ठेवला होता आणि स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेली आज्ञा) रीसेट झाल्यावर छपाईच्या वेळी वापरला जात होता. ती जागा एसक्यूलाइटच्या मालकीची. पुढची ओळ वाचली, रीसेट केलं किंवा स्टेटमेंट संपवलं की तिच्यावर आपला हक्क उरत नाही. मजकूर हवा असेल तर तेव्हाच आपल्याकडे उतरवून घ्यायचा. दुरुस्ती सोपी होती, झाली, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पावतीवरच्या चौकटी बंद झाल्या. मशीन बंद पडायचं थांबलं नाही.

निर्णयाची खरी जागा ही होती. दोन तक्रारींचं मूळ एकच असेल हे गृहीतच चुकीचं निघालं होतं, आणि सॅनिटायझर तर आता काहीच दाखवत नव्हता. कंपनीत पुन्हा हार्डवेअरचा विषय निघाला. मी कोअर डंपकडे परत जाऊया म्हटलं. या वेळी प्रोग्राम कुठं पडला हे न बघता, पडला तिथल्या मेमरीच्या तुकड्याच्या अलीकडे काय होतं ते बघायचं.

मॅलॉक आपल्याला जागा देतो तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याची लांबी लिहून ठेवतो. शेताच्या बांधासारखंच हे. शेजाऱ्यानं बांध कोरला तरी त्या दिवशी काही होत नाही. मालक नांगर घेऊन उतरतो तेव्हा भांडण उभं राहतं, आणि आरडाओरडा मालकाच्या शेतातून ऐकू येतो. इथं मालक होता एसक्यूलाइट. तो आपला तुकडा परत द्यायला गेला की लांबी चुकलेली सापडायची आणि प्रोग्राम पडायचा. कोरणारा दुसराच होता, आणि तो कित्येक सभासदांच्या आधी येऊन गेलेला असायचा.

एका डंपमध्ये बिघडलेल्या लांबीच्या जागी बाइट होते ए४, ए३, ०० (सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले). त्याच्या आधीचा बाइट ई०. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटांचं असतं आणि ई० ए४ किंवा ई० ए५ नं सुरू होतं. ई० ए४ ए३ म्हणजे ‘ण’. कुणाच्या तरी नावाचा शेवटचा ‘ण’ शेजारच्या तुकड्यात सांडला होता. निपाणीकडच्या एका गावात सभासदांची यादी कन्नडमध्ये आहे. तिथला डंप काढला, तर त्याच जागी बी२ आणि बी३ सापडले. कन्नड अक्षरं ई० बी२ किंवा ई० बी३ नं सुरू होतात. मेमरी कार्डाचा संशय तिथल्या तिथं संपला; खराब कार्ड गावाची भाषा बघून बाइट बिघडवत नाही.

नाव कुठं उतरवलं जातं ते शोधायला मग वेळ लागला नाही. पावतीसाठी ६४ बाइट जागा मागून त्यात स्ट्रकॉपीनं, म्हणजे जागा पुरते का हे न बघता मजकूर उतरवणाऱ्या फंक्शननं, नाव उतरवलं जात होतं. ६४ का, तर टेबलात नावाचा रकाना व्हारकॅर ६०, म्हणजे जास्तीत जास्त ६० अक्षरचिन्हांचा, असा लिहिला होता. मूळ प्रोग्रामरनं ६० वर विश्वास ठेवला. पण एसक्यूलाइट तो आकडा पाळतच नाही. व्हारकॅर ६० लिहा किंवा ६००, रकान्यात द्याल तेवढा मजकूर बसतो. आणि तो पाळला असता तरी ६० अक्षरचिन्हं देवनागरीत १८० बाइट होतात.

कंपनीच्या भिंतीवरच्या फळ्यावर आम्ही दोन नमुन्याची नावं लिहून मोजली. ‘ज्ञानेश्वर रामचंद्र पाटील’ आणि ‘ज्ञानेश्वर रामचंद्र चव्हाण’. डोळ्यांना दोन्ही अकरा अक्षरांची. पण काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र ३-३ बाइट खातात. पहिलं नाव ७१ बाइट, शेवटचा शून्य (मजकूर संपल्याची खूण) धरून ७२. दुसरं ७४, शून्य धरून ७५. ६४ बिटी लिनक्सवर ६४ बाइट मागितले तर मॅलॉक प्रत्यक्षात वापरण्याजोगे ७२ देतो. म्हणजे पाटील हद्द ओलांडूनही काठोकाठ बसतात, कुणालाच त्रास होत नाही. चव्हाणांचा ‘ण’ मात्र बांधापलीकडे जातो: त्याचे दोन बाइट आणि शेवटचा शून्य, बरोब्बर ए४, ए३, ००.

आता बाकीच्या गोष्टी आपोआप जुळल्या. इंग्रजीत यादी असलेल्या गावांत बिघाड का नाही. पूर्वी का होत नव्हता: पैसे बँकेत जमा करायचे म्हणून आद्याक्षरांच्या जागी आधारवरची पूर्ण नावं भरली गेली, तेव्हापासून सुरू झाला. सकाळीच का: त्या डेअऱ्यांत सकाळी दूध घालणारे जास्त, त्यामुळे लांब नावाचा माणूस येण्याची आणि त्याच्यामागे भरपूर उलाढाल होण्याची शक्यताही जास्त. डेटाबेसमधूनच पडताळा घेतला. प्रत्येक वेळी पडण्याआधीच्या नोंदी काढल्या, आणि ७१ बाइटांहून लांब नावाचा कुणी ना कुणी सभासद त्यात सापडलाच.

मग सॅनिटायझरला हे का दिसलं नव्हतं? त्याचं उत्तर आमच्याच टेबलावर होतं. गावातून आणलेल्या डेटाबेसमध्ये लोकांची नावं आणि बँक खाती होती. ती ऑफिसच्या मशीनवर तशीच ठेवणं बरोबर नाही म्हणून कंपनीच्या मुलांनी, अगदी योग्य हेतूनं, सगळी नावं ‘सभासद १’, ‘सभासद २’ अशी बदलली होती. त्या बदलात बिघाडही पुसला गेला होता. प्रत्येक नावाच्या जागी तेवढ्याच बाइटांचं, त्याच लिपीतलं खोटं नाव घातलं आणि काट्याचं नोंदवून ठेवलेलं वाचन परत चालवलं. स्ट्रकॉपीच्या ओळीवर प्रोग्राम पहिल्याच लांब नावाला थांबला.

दुरुस्ती करताना बफर, म्हणजे नावासाठी मागितलेली ती जागा, २५६ बाइटांचा करून मोकळं व्हायची सूचना आली. मला ती पटली नाही; उद्या नावापुढे घराण्याचं नाव किंवा गावाचं नाव जोडलं की तोच खेळ. स्ट्रकॉपीऐवजी स्ट्रन्कॉपी हाही उपाय नव्हे, कारण तो जागा भरली की शेवटचा शून्य लिहीत नाही आणि अक्षर मधोमध तोडतो. नाव स्टँडर्ड स्ट्रिंगमध्ये (मजकुराप्रमाणे आपली जागा वाढवणारा प्रकार) घ्यायचं, लांबी कॉलम-बाइट्स या फंक्शनकडून विचारायची, आणि प्रोग्राममधले सगळे ठरावीक मापाचे बफर काढून टाकायचे असं ठरलं. टेबलावर लांबीची अट घातली. तीत एक गोष्ट सांभाळावी लागते: एसक्यूलाइटचं लेंग्थ फंक्शन मजकुराची अक्षरचिन्हं मोजतं, बाइट नव्हे. बाइट हवे असतील तर मजकूर ब्लॉब (नुसते बाइट) करून मोजावा, किंवा ३.४३ पासून आलेलं ऑक्टेट-लेंग्थ वापरावं.

निष्पत्ती

नवी आवृत्ती आधी सर्वांत जास्त तक्रारी असलेल्या डेअरीत घातली. तिथं मशीन पुन्हा बंद पडलं नाही, मग ६४ बिटी संगणक असलेल्या बाकीच्या गावांत दिली. आपोआप सुरू होण्याची सोय आणि ताडून पाहण्याचा पडदा दोन्ही ठेवले, कारण वीज जायचीच. एका सेक्रेटरींनी तो पडदा काढू नका म्हणून स्वतः सांगितलं. वीज आल्यावर सभासदाशी होणारी वादावादी त्यानं थांबली होती.

नाव लांब असेल तर पावतीवर कापायचं का, हा प्रश्न मागाहून आला. कंपनीला एका ओळीत बसवायचं होतं, कागद वाचतो. डेअऱ्यांनी नकार दिला. बँकेत, सोसायटीत पावती दाखवावी लागते, अर्धं नाव चालत नाही. आता लांब नाव दोन ओळींत छापलं जातं आणि ओळ शब्दापाशीच मोडते.

वेगळं काय करता आलं असतं

ॲड्रेससॅनिटायझरची बांधणी पहिल्या आवृत्तीपासून रोजच्या कामात असती तर पॉइंटरचा दोष तरी गावात पोचायच्या आधी पकडला गेला असता. त्याला खर्च काही नाही.

पण नुसती ती बांधणी पुरली नसती, हे या प्रकरणानं दाखवलं आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाचणीचा डेटा ‘अबक’ आणि ‘टेस्ट १’ असा असेल तर उत्तम हत्यारही आंधळं राहतं. सीमाभागात सॉफ्टवेअर विकायचं तर चाचणीच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतली, जोडाक्षरांनी भरलेली, बाप-आजा-आडनावासकट पूर्ण नावं हवीतच. माहिती झाकायची तर लांबी आणि लिपी राखून झाकावी.

तक्रारी नोंदवताना गाव, वेळ आणि विजेची स्थिती लिहिली जात होती. यादी कोणत्या भाषेत आहे हा रकाना असता, तर हार्डवेअर बदलण्याचा खर्च वाचला असता. तो रकाना आता घातला आहे.

एक काम अजून बाकी आहे. काही लहान डेअऱ्यांत जुने ३२ बिटी संगणक आहेत. तिथं ६४ मागितले की मॅलॉक ६८ च वापरू देतो, म्हणजे तिथं पाटीलही बांधाबाहेर जातात. त्या गावांत इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन एकेका डेअरीत जावं लागणार, आणि तेही दुपारीच, सकाळचं दूध जाऊन संध्याकाळचं यायच्या आत. कंपनीनं कन्नड आणि मराठी यादीच्या गावांपासून सुरुवात केली आहे.